बायकोला मल्टिमीटर भेट देताय? मग मी केलेल्या या चुका टाळा

आमच्या घरात पक्कड बायकोच्या हातात असते आणि मी शिडी धरतो. सासऱ्यांचं साताऱ्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे सोल्डरिंगचा वास तिला लहानपणापासून सवयीचा आणि मला अजूनही शिंका आणणारा. गीझर गरम होईना, मिक्सर जळका वास मारतोय, पंखा रडतखडत फिरतोय, असं काही झालं की सोसायटीतले लोक वायरमनच्या आधी आमच्या दाराची बेल वाजवतात.

म्हणून एका पाडव्याला ओवाळणीत साडीऐवजी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रोध मोजायचं यंत्र, द्यायचं ठरवलं. कल्पना चांगली होती, पण खरेदी फसली. अडीचशे रुपयांचा, पिवळ्या रंगाचा, भरपूर आकड्यांच्या डायलचा मीटर मी रंगीत कागदात बांधून तबकात ठेवला. तिने कागद काढला, डायल एक फेरी फिरवला आणि विचारलं, "अरे, याला बझर कुठंय?"

तेव्हा मला वाटलं, बझर म्हणजे मोबाइलच्या रिंगटोनसारखी हौसेची गोष्ट असेल. दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीची वायर तपासत होती तेव्हा मामला कळला. एक प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) प्लगच्या पिनेला, दुसरा वायरच्या टोकाला, आणि वायर मुळाशी जिथे सारखी वाकते तिथे अंगठ्याने दाबून हलवायची. दोन्ही हात गुंतलेले, नजर वायरवर. अशा वेळी स्क्रीनवरचा आकडा बघणार कोण? कानाला ‘टीं’ ऐकू आलं पाहिजे, आणि वायर हलवताना तो आवाज तुटला तर वायर तिथेच तुटलेली आहे. घरातली निम्मी दुरुस्ती या एका आवाजावर चालते. स्वस्तातल्या बऱ्याच मीटरना बझर नसतो. काहींना असतो, पण टोकं टेकल्यावर अर्ध्या सेकंदाने वाजतो. तोही त्रासच.

पहिली चूक: काम न बघता मीटर बघणं

दुकानात जाण्याआधी महिनाभर फक्त एवढंच बघा, तुमची बायको (किंवा नवरा, सगळीच घरं आमच्यासारखी उलटी नसतात) नेमकं काय उघडून बसते.

आमच्याकडे पंख्यांचा नंबर पहिला. पंखा हळू झाला की बहुतेक वेळा कंडेन्सर उतरलेला असतो. त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात दीडच्या आसपास भरतो. मीटरमध्ये कपॅसिटन्स, म्हणजे कंडेन्सरची ही क्षमता, मोजायची सोय असेल तर दोन मिनिटांत निकाल, नसेल तर नवा कंडेन्सर आणून लावून बघायचा. गीझरचं गणित आणखी सोपं. २००० वॅटची कॉइल थंड असताना, वायर सोडवून मोजली तर साधारण २६-२७ ओहम दाखवते. काहीच दाखवलं नाही तर कॉइल गेली. बॉडीला आणि कॉइलला प्रोब लावून काही ओहम दिसले तर मात्र तो गीझर त्या क्षणापासून बंद. इन्व्हर्टरची बॅटरी दिवसभर न वापरता १२.६ व्होल्टच्या वर असेल तर ठीक, १२ च्या खाली घसरली तर पाणी बघा, चार्जिंग बघा. गुरुवारी लाइट जाते त्या भागात राहणाऱ्यांना हा आकडा पाठच असतो.

एवढ्या कामांना ऑटो-रेंज (रेंज मीटरने आपोआप निवडणं), बझर, कपॅसिटन्स आणि अंधाऱ्या डीबीसमोर (एमसीबींच्या पेटीसमोर) दिसेल असा बॅकलाइट पुरतो. तापमान, फ्रिक्वेन्सी, मोबाइलला जोडायचं ब्लूटूथ यांचे पैसे वेगळ्या कामात घाला.

एक अपवाद म्हणजे ट्रू आरएमएस, म्हणजे लाटेचा आकार कसाही असला तरी खरं व्होल्टेज सांगायची सोय. महावितरणच्या सरळ लाइटवर साधा मीटरही बरोबरच दाखवतो. पण घरात जुन्या पद्धतीचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर साधा मीटर त्याचं व्होल्टेज सुमारे ११ टक्के वाढवून सांगतो. म्हणजे खरं २३० असलं तर हा म्हणणार २५५. मग इन्व्हर्टर बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावणं होतं. तुमच्याकडे तसा इन्व्हर्टर असेल तर ट्रू आरएमएसला जास्तीचे पैसे द्या.

दुसरी चूक, आणि ही खरी धोक्याची: फक्त व्होल्टचा आकडा वाचणं

पिवळ्या मीटरच्या डायलवर ७५० व्होल्ट लिहिलं होतं. घरात २३०. मी म्हटलं, तिप्पट सोय आहे, अजून काय पाहिजे? तिने मीटर उलटा केला, दहा अँपिअरच्या भोकाशेजारचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं. तिथे चक्क छापलेलं होतं, फ्यूज नाही. "हा डीबीजवळ न्यायचा नाही. सेल तपासायला ठेवू."

घरच्या लाइनवर कायम २३० नसतात. वीज कडाडली, शेजारच्या कारखान्यात मोठी मोटर बंद झाली की क्षणभरासाठी हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. त्या झटक्यात मीटरच्या आत ठिणगी पेटली आणि मागून भरपूर करंट मिळत राहिला, तर मीटर हातातच फुटतो. म्हणून मीटरवर ‘कॅट’ अशी श्रेणी छापतात. प्लगला लावलेल्या उपकरणांसाठी कॅट टू, भिंतीतलं वायरिंग आणि डीबीसाठी कॅट थ्री, मीटरपेटी आणि बाहेरून येणारी केबल यांसाठी कॅट फोर. डीबी उघडणाऱ्या माणसाला किमान कॅट थ्री, ६०० व्होल्ट.

यात एक गंमत आहे, आणि दुकानदारही तिथे चुकतात. कॅट टू १००० व्होल्ट हे कॅट थ्री ६०० व्होल्टपेक्षा भारी वाटतं. दोन्हींची चाचणी ६००० व्होल्टच्या झटक्यावरच होते. फरक असा की कॅट थ्रीच्या चाचणीत त्या झटक्यामागून सहापट करंट येऊ देतात. मोठा आकडा बघून कॅट टू घेतलात तर कमी संरक्षणासाठी जास्त पैसे दिलेत.

छापलेल्या अक्षरांवर आंधळा विश्वासही नको. लीड, म्हणजे मीटरची प्रोबवाली वायर, हातात घेऊन बघा. प्लगच्या पितळी टोकाभोवती प्लास्टिकचं खोल आवरण हवं, बोटं घसरू नयेत म्हणून प्रोबला कड हवी, आणि लीडवरही तीच श्रेणी छापलेली हवी. मीटर आणि लीड यांतली जी श्रेणी कमी, तीच धरायची. आत काचेचा फ्यूज आहे की वाळू भरलेला सिरॅमिक, हे विचारा. काचेचा मोठ्या फॉल्टला स्वतःच फुटून ठिणगी चालू ठेवू शकतो, वाळू ती विझवते.

टाँग टेस्टर दिसला म्हणून घेऊ नका

माझ्या मेव्हणीने तिच्या नवऱ्याला थेट क्लॅम्प मीटर दिला, म्हणजे वायरला चिमट्यासारखं धरून करंट मोजणारा टाँग टेस्टर, मोठा आणि रुबाबदार. त्याचा छंद गच्चीवरचं सोलर पॅनेल आणि बुलेटची बॅटरी, म्हणजे सगळा डीसी करंट. तो क्लॅम्प फक्त एसी करंट मोजणारा होता. पॅनेलच्या वायरवर शून्य. आणि एकदा मिक्सरची अख्खी वायर क्लॅम्पमध्ये धरून ‘हा बिघडलाय’ म्हणून ठरवून झालं. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले की जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, शून्य येणारच.

घेताना

पुण्यात विजेचं सामान मिळतं त्या तपकीर गल्लीत गाडी नेऊ नका, मंडईला मेट्रोने उतरा आणि चालत जा. मी दुसऱ्या वेळी बिनधास्त सांगितलं, "काका, बायकोसाठी हवाय, डीबी ती स्वतः उघडते." काउंटरमागच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं, खालचा खण बंद केला आणि वरच्या फळीवरचे तीन मीटर काढून ठेवले. प्रत्येकाची टोकं टेकवून बझर ऐकला, दुकानातल्या सॉकेटवर आणि एका पेन्सिल सेलवर आकडे पाहिले, डायल अंगठ्याने एका हातात फिरतो का ते बघितलं. तिचा हात लहान आहे, त्यामुळे त्यातला सर्वात जाड मीटर तिथेच बाद झाला. नामवंत कंपन्यांच्या बिलाशिवायच्या ‘स्वस्त’ मालाकडे वळू नका. नकली मीटरवर कॅट थ्रीही छापता येतं. बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या. फ्यूज पुन्हा कुठे मिळेल हेही त्याच वेळी विचारा.

फ्लूकचा १०१ तिथे हातात घेतला होता. छोटा, कॅट थ्री ६०० व्होल्ट, कपॅसिटन्सही मोजतो. पण करंट मोजत नाही आणि बॅकलाइट नाही. आमच्या डीबीच्या कोनाड्यात दिवसाही अंधार असतो, म्हणून दुसरा घेतला. तुमच्याकडे उजेड असेल तर तो वाईट नाही.

‘मीटर बिघडलाय’ असं पहिल्याच दिवशी वाटलं तर

प्रोब मोकळे असताना मिलिव्होल्टवर आकडे नाचतात, तो दोष नाही. स्क्रीनवर डावीकडे नुसता १ किंवा ‘ओएल’ आलं तर मोजायची गोष्ट रेंजच्या बाहेर आहे, एवढंच. टोकं एकमेकांना टेकवल्यावर ०.३ ओहम दिसतात, ते लीडचे स्वतःचे. काहीही मोजा, आकडा हलेना? होल्डचं बटण दाबलं गेलंय. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका, कारण जुना शून्य पकडून बसलेला मीटर जिवंत वायरला ‘बंद’ म्हणेल. तशीच डीसीवर राहिलेली नॉब. एसीची लाइन शून्याच्या आसपास दिसते. म्हणूनच बायको आधी चालू सॉकेटवर मीटर तपासते, मग बंद केलेल्या वायरवर, आणि नंतर पुन्हा सॉकेटवर.

बंद केलेल्या वायरवर ६०-७० व्होल्ट दिसले तर लगेच घाबरू नका. शेजारून जाणाऱ्या फेजचा तो भास असू शकतो. मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहमच्या आसपास असल्याने तेवढ्या भुतालाही तो पकडतो. होल्डर-बल्ब लावला की भूत पळतं. पळालं नाही तर वायर खरोखर चालू आहे.

आणि लाल लीड. करंट मोजून झाल्यावर ते दहा अँपिअरच्या भोकातच राहिलं आणि कोणी सॉकेटवर व्होल्टेज बघायला गेलं, तर ते सरळ शॉर्टसर्किट आहे. ही चूक आमच्याकडे माझ्या हातून झाली. एमसीबी पडला, फ्यूज गेला, प्रोबचं टोक काळं पडलं. सुदैवाने तेव्हा हातात दुसरा मीटर होता, पिवळा नाही.

शेवटची चूक, जी मी करता करता राहिलो

नवा आला म्हणून सासऱ्यांचा काट्याचा जुना मीटर मी रविवारी जुन्या बाजारात नेऊन देणार होतो. पिशवीत भरलाही होता. बायकोने तो काढून घेतला आणि काही बोलली नाही, फक्त एक मोठा कंडेन्सर डिस्चार्ज करून त्याला प्रोब लावले. काटा झटकन वर गेला आणि सावकाश खाली आला. "आकड्यांत हे दिसतं का?" मेनवर ती तो कधीच वापरत नाही, पण सैल जोड शोधायला अजून तोच काढते.

यंदा खंडेनवमीला पाटावर पक्कड, टेस्टर, सोल्डरिंग आयर्न आणि दोन मीटर होते. दोघांना झेंडूची फुलं. जुन्याला नवे दोन पेन्सिल सेलही. पूजा झाल्यावर तिने त्याचे प्रोब एकमेकांना टेकवले, बाजूची छोटी नॉब हळूच फिरवली, आणि काटा उजवीकडे शून्यावर येऊन थांबला.