बोअरचं पाणी तपासायला नेताय? आधी बाटली बघा

उद्यमनगरात २२ वर्षं मी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, टाकीवर काढली. क्रोमियमचं पाणी पिवळं दिसतं, पण टाकीतलं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, तेवढ्यानं ना रंग येतो ना चव. म्हणून गल्लीतल्या सार्वजनिक बोअरबद्दल "स्वच्छ हाय की पाणी, भावा" असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

पहिल्यांदा मीही फसलो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून लॅबला दिलं. कागद आला: पिण्यायोग्य. नीट बघतोय तर पीएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराईड. धातू एकही तपासलेला नाही. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

तेव्हा आधी बोअरच्या आसपास एक चक्कर मारा. प्लेटिंगचं शॉप असेल तर क्रोमियम, निकेल, सायनाईड मागा. जुन्या बॅटऱ्या फोडत असतील तर शिसं. फौंड्रीची जळकी वाळू टाकलेली दिसली तर फिनॉलही लिहा. आणि प्युरिफायर विकणारा दारात टीडीएसचा मीटर बुडवून दाखवतो, त्याच्यावर जाऊ नका. टीडीएसची मर्यादा ५०० मिलिग्रॅम, शिशाची ०.०१. शिसं दहापट झालं तरी त्या मीटरला पत्ता लागत नाही. उकळूनही धातू जात नाहीत. पाणी आटेल तसे दाटच होतात.

बाटल्या लॅबकडूनच घ्या. धातूंच्या प्लास्टिक बाटलीत नायट्रिक ॲसिड आधीच घातलेलं असतं. ती विसळायची नाही, उतू जाईस्तोवर भरायची नाही. सायनाईडची बाटली वेगळी, तिच्यात कॉस्टिक सोडा. ॲसिडात सायनाईडचा वायू होऊन उडून जातो, हे प्लेटिंगवाल्याला शिकवावं लागत नाही. सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचा जास्त विषारी प्रकार, वेगळा मोजून हवा असेल तर ॲसिड नको. बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. सॉल्व्हंटचा (ग्रीस, रंग धुवायच्या उडून जाणाऱ्या रसायनाचा) संशय असला तर काचेची बाटली, आत एकही बुडबुडा न ठेवता.

बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग नमुना घ्या. घरच्या नळातलं शिसं बघायचं तर उलटं: पहाटे कुणी नळ सोडायच्या आत, पहिलंच पाणी. तारीख, वेळ, जागा बाटलीवर तिथंच लिहा.

लॅबला एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर भागत नाही. तुमचा घटक त्या मान्यतेच्या यादीत आहे का ते विचारा. अहवालात 'आढळलं नाही' असेल तर यंत्र किती खालपर्यंत मोजतं तेही विचारा. ०.०५ च्या खालचं शिसं यंत्राला दिसतच नसेल, तर तो कागद रद्दी.

माझ्या दुसऱ्या नमुन्यात निकेल ०.०२ च्या मर्यादेवर निघालं. अहवालाची झेरॉक्स जोडून महापालिकेत अर्ज दिला, पोच घेतली, आणि तोवर बोअरवर लाल रंगात लिहून टाकलं: फक्त धुण्याला.