रॉड बोल्ट किती आवळला, ते त्याच्या लांबीवरून ओळखा

टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, आवाज देणारा पाना) टक् वाजला म्हणजे इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) बोल्ट बरोबर आवळला, असं नाही. बराचसा जोर आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. बोल्टची दोन्ही टोकं उघडी असतील, तर तो किती ताणला तेच मोजा.

1. बसवण्याआधी प्रत्येक बोल्टची लांबी मायक्रोमीटरने मोजून रॉडच्या नंबरापुढे लिहा.
2. आट्यांना आणि डोक्याखाली सांगितलेलंच वंगण लावा. साधं ऑइल आणि मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) पेस्ट यांचा टॉर्क वेगळा येतो.
3. थोडं आवळा, मोजा, पुन्हा थोडं आवळा. वाढ दिलेल्या आकड्याला पोचली की थांबा. अनेक रेसिंग बोल्टना ती 0.13 ते 0.15 मिमीच्या आसपास असते, पण तुमच्या बोल्टच्या कागदावरचा आकडाच धरा.

टोक आत बंद असेल, तर सुरुवातीचा टॉर्क देऊन डोक्यावर रंगाची रेघ मारा आणि मॅन्युअलमधल्या अंशांइतकं फिरवा. रेघेमुळे कुठला राहिला ते लगेच दिसतं.

सावधान: सैल केल्यावर बोल्ट मूळ नोंदीपेक्षा 0.025 मिमी लांब भरला, तर तो पुन्हा वापरू नका. एकदाच वापरायचे बोल्ट असतील, तर न मोजताच बदला.