‘नो रिटर्न’वर अडलेला रिफंड असा सुटला

ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं भांडं तडकलेलं आलं आणि विक्रेत्यानं ‘नो रिटर्न’ म्हणून हात वर केले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही.

चॅटवर वाद घालत बसू नका, चॅटची खिडकी बंद झाली की पुरावा हातून जातो. साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे. त्याच पत्त्यावर ईमेल केला: ऑर्डर क्रमांक, बिल, खोक्यावरचं लेबल आणि तड्याचा जवळून काढलेला फोटो. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट जरूर जोडा, वर्णन मागाहून बदलू शकतं. 48 तासांत पोच, महिनाभरात निवारण ही मुदतही मेलमध्येच लिहिली. इथेच गाडी हलली.

नाहीच हलली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मात्र ती मध्यस्थी आहे, आदेश नव्हे. आदेश जिल्हा ग्राहक आयोग देतो. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे नकोत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रारीचं कारण घडून दोन वर्षं उलटली, तर मात्र आधी उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं.