चाडमध्ये धान्य पोचवायचंय? आधी ट्रकची परतफेरी मोजा

मदतीच्या धान्याच्या वाहतुकीत नव्याने आलेल्या माणसाला चाडची नेमणूक मिळाली की त्याचं सगळं लक्ष बंदराकडे जातं. शेजारच्या कॅमेरूनमधलं दुआला बंदर, तिथून चाडची राजधानी एन्जामेनापर्यंतचे सुमारे १,८०० किलोमीटर, सीमेवरचे कागद. हे अवघड आहेच, पण ते समजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. खरा घात होतो तो पुढे, पूर्वेकडच्या अबेशे शहराच्या पलीकडे, आणि तोही साध्या गणितात. म्हणून इथे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पूर्व चाडमध्ये पाऊस जूनमध्ये लागतो आणि सप्टेंबरपर्यंत टिकतो. एरवी कोरडेठाक असलेले वादी, म्हणजे वाळूचे रुंद ओढे, एका जोरदार सरीत भरून वाहू लागतात आणि पलीकडची छावणी तुटते. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटल्यापासून लाखो निर्वासित याच पट्ट्यात, आद्रे आणि फरशानाच्या बाजूला, येऊन राहिलेत. त्यांचं पावसाळ्याचं धान्य मे संपायच्या आत छावणीच्या गोदामात पडलेलं असलंच पाहिजे. जूनमध्ये पोचवू, असं म्हणायची सोय नाही.

२०,००० माणसांची छावणी धरा. माणशी रोज ज्वारी ४२५ ग्रॅम, डाळ किंवा वाटाणा ६०, मका-सोयाचं पोषक पीठ ५०, तेल ३०, मीठ ५. यातून साधारण २,१०० किलोकॅलरी मिळतात. महिन्याला माणशी १७.१ किलो, म्हणजे छावणीला ३४२ टन. पावसाचे चार महिने आणि रस्ते वाळायला ऑक्टोबर, असे पाच महिने धरले की १,७१० टन. अबेशेपर्यंत ३० टनी ट्रक चालतात, त्यांच्या ५७ खेपा. पुढे वाळूतून १० टनी सिक्स बाय सिक्स, म्हणजे सगळ्या चाकांना इंजिनचा जोर मिळणारे ट्रक, त्यांच्या १७१.

हाताशी असे १२ ट्रक आहेत. नवा माणूस काय करतो? १७१ भागिले १२, म्हणजे प्रत्येक ट्रकच्या १५ खेपा. जायला दोन दिवस, म्हणून एकूण ३० दिवस. मग १ मेला सुरुवात केली तरी चालेल!

नाही चालत. ट्रक छावणीत पोचला की खेप संपत नाही, तो परत येऊन पुन्हा भरणीला उभा राहिला की संपते. भरायला एक दिवस, जायला दोन, उतरवायला एक, यायला दोन, आणि टायर, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), डिझेल यांत एक. झाले सात. पंधरा सत्ते एकशे पाच. ३१ मेपासून १०५ दिवस मागे गेलं की तारीख येते १५ फेब्रुवारी. १ मेला सुरू करणाऱ्याच्या पाऊस लागेपर्यंत चारच खेपा होतात. ४८० टन पोचतं, बाकीचं अबेशेत थप्प्या लावून पडतं आणि छावणीत शिधा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आणावा लागतो. तो कापलेला शिधा कोणाच्या ताटातला आहे, हे हिशेब करताना डोळ्यांपुढे ठेवा.

आणि या १०५ दिवसांत अजून एकही ट्रक मोडलेला नाही. बारांतले दोन कायम दुरुस्तीला धरा. दहा ट्रक, १८ खेपा, १२६ दिवस, म्हणजे २५ जानेवारी. त्यात २०२६ सारख्या वर्षी रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. दुपारनंतर उतरवणी मंदावते, एका दिवसाच्या कामाला दोन लागतात. तेही आधीच धरा.

सात हा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. गेल्या हंगामातल्या बिल्ट्या, म्हणजे ट्रकसोबत जाणाऱ्या मालाच्या पावत्या, काढा, एकाच नंबरप्लेटच्या लागोपाठच्या दोन रवानगी-तारखांमधले दिवस मोजा. वीस-पंचवीस ट्रकांचे मोजले की खरा आकडा हाती येतो. किलोमीटर भागिले वेग हा हिशेब इथे कुचकामी आहे.

इथून मागे मोजत दुआलापर्यंत जा. दहा ट्रक आठवड्याला १०० टन उचलतात, तेव्हा २५ जानेवारीला अबेशेत निदान ३०० टन हवं. दुआलात माल सोडवून तो अबेशेला यायला सहा ते आठ आठवडे धरले, तर जहाज नोव्हेंबर संपायच्या आत लागलेलं बरं. करमाफीचं पत्र जहाजाच्या आधी तयार पाहिजे, नाहीतर डेमरेज, म्हणजे माल अडकून पडल्याचा दंड, चढत जातं. सगळे ट्रक एकाच स्वस्त वाहतूकदाराकडून घेऊ, हेही विसरा. दोन्ही देशांच्या करारानुसार कॅमेरूनमधून चाडला जाणाऱ्या पारगमन मालातला ६५ टक्के वाटा चाडच्या ट्रकांचा आणि ३५ टक्के कॅमेरूनच्या.

घाबरू नका. यात बेरीज-वजाबाकीपलीकडचं काही नाही आणि एका हंगामात हात बसतो. महागड्या प्रमाणपत्रांच्या मागे लागण्यापेक्षा तीन महिने बोलकं फ्रेंच शिका. चाडवरचं लॉजिस्टिक्स कपॅसिटी असेसमेंट, म्हणजे तिथल्या रस्ते, गोदामं, वाहतूक यांची माहिती, इंटरनेटवर मोफत आहे, तेही वाचून काढा. गुरू करायचा तर वाहतूकदाराच्या अड्ड्यावर ट्रक सोडणाऱ्या मुकादमाला करा. कोणता वादी आधी भरतो, कुठला चालक रात्री वाळूत गाडी घालत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

तीस टनीवर चाळीस टन चढवून खेपा वाचवायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. पाटा तुटतो, आठवडा जातो. पावसानंतर रस्त्यावर आडवा दांडा टाकून काही तास वाहतूक थांबवतात, तिथेही हुज्जत घालून ट्रक पुढे काढू नका. चिखलात रुतलेला एक ट्रक मागच्या सगळ्यांची वाट बंद करतो.

राहिली बिल्टी. वाशीच्या बाजारात काम केलेल्याला हे सांगायला नको, पण तिथला मापाडी, म्हणजे माल तोलून देणारा, इथे नसतो. १० टन म्हणजे ५० किलोची २०० पोती. संख्या बरोबर भरते, वजन भरत नाही. कोपऱ्यात बोटभर भोक पाडून दोन-दोन किलो काढलेलं पोतं थप्पीत ओळखू येतं: कान सैल पडलेला, कड ताठ नाही. वेगवेगळ्या थरांतली वीस पोती काट्यावर घ्या. हमालांना पोती ओढायचे लोखंडी आकडे (हूक) वापरू देऊ नका. फाटलेली, भिजलेली, कमी वजनाची पोती बिल्टीवर वेगवेगळी लिहा आणि चालक समोर असतानाच त्याची सही घ्या. ती सही असेल तरच तुटीची किंमत वाहतूकदाराच्या बिलातून कापता येते. तो फाटकाबाहेर गेल्यावर लिहिलेली तूट गोदामाच्या माथी बसते.