बॉब ग्रॅहम राउंड करायचाय? आधी या चुका टाळा

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टात केझिक गावच्या मूट हॉलपासून निघायचं, 42 शिखरं करायची आणि 24 तासांच्या आत पुन्हा तिथेच पोचायचं. अंतर साधारण 106 किलोमीटर, एकूण चढाई 8,200 मीटरच्या आसपास. बॉब ग्रॅहमने 1932 साली हे केलं, त्यानंतर 1960 पर्यंत कोणालाच जमलं नव्हतं.

"शंभर किलोमीटरची अल्ट्रा मॅरेथॉन झालीय, हेही होईल" इथेच पहिली गफलत होते. आतकरवाडीतून सिंहगड एकदा चढलं की सहाशेएक मीटर होतात. तसे चौदाएक चढ एका दमात, तेही बऱ्याच ठिकाणी वाट नसलेल्या गवतातून, चिखलातून आणि सुट्या धोंड्यांवरून. म्हणून सरावाच्या वहीत किलोमीटर नको, चढाईचे मीटर लिहा. उतारही तितकेच मोजा, कारण मांड्या उतरतानाच जातात.

दुसरी चूक पहिल्याच डोंगरावर घडते. स्किडॉ चढताना पाय ताजे असतात, सोबतचे गप्पा मारत पळत असतात, आणि माथ्यावर कळतं की आपण वेळापत्रकाच्या दहा मिनिटं पुढे आहोत. ही दहा मिनिटं पुढे यूबॅरो नावाच्या खड्या डोंगरावर व्याजासकट फेडावी लागतात. चढ चालतच चढा. लाज कसली, सगळेच चालतात.

सगळ्यात जास्त बेत फसतात ते वॉझडेलच्या दरीत, जिथे मदतीची गाडी खाणं आणि कोरडे कपडे घेऊन भेटायची असते. नकाशात डनमेल रेझ (गाडी त्याआधी भेटते ती रस्त्यावरची खिंड) आणि वॉझडेल फार लांब दिसत नाहीत. पण मध्ये डोंगर आहेत; गाडीला लांबचा वळसा घालून पश्चिमेकडून दरीत शिरावं लागतं. चालकाने हे आधी पाहिलं नसेल तर तुम्ही स्कॉफेलवरून गुडघे दुखवत उतरता आणि खाली ना जेवण, ना कोरडे मोजे. या टप्प्यासाठी शक्यतो वेगळी गाडी आणि वेगळा माणूस ठेवा. गाडी वेळेवर आली तरी खुर्चीत बसू नका. समोर यूबॅरोची भिंत दिसत असते आणि बसलेला माणूस कारणं शोधायला लागतो. पेजेसारखं काहीतरी उभ्यानेच प्या आणि निघा.

त्याआधी स्कॉफेल पाइक आणि स्कॉफेल यांच्यामध्ये ब्रॉड स्टँडचा कातळ आहे. दोर लावून कोणी थांबणार असेल आणि खडक कोरडा असेल तरच तिथून जा. नाहीतर लॉर्ड्स रेक किंवा फॉक्सेस टार्नची वाट धरा. थोडा वेळ जास्त जाईल, तो वेळापत्रकात आधीच धरा.

पोटाचं म्हणाल तर बारा-चौदा तासांनी गोड एनर्जी जेल घशाखाली उतरत नाही. खारट काहीतरी हवंच. उकडलेला बटाटा, मीठ लावून.

राउंड पूर्ण करणाऱ्यांच्या बॉब ग्रॅहम क्लबचं सदस्यत्व हवं असेल तर प्रत्येक शिखरावर साक्षीदार लागतो. एका टप्प्याला एकच सोबती ठेवला आणि त्याचा पाय मुरगळला तर तुमची नोंद अडकते. दोघे घ्या: एकाच्या हाती नकाशा, दुसऱ्याकडे खाणं आणि वेळेची नोंद.

शेवटचा टप्पा जिथून सुरू होतो त्या हॉनिस्टर खिंडीत अर्धा तास मागे असाल तर लगेच हाय खाऊ नका. डेल हेड, हिंडस्कार्थ, रॉबिन्सन अशी तीनच शिखरं उरलेली असतात. मात्र रॉबिन्सन उतरल्यावर केझिकपर्यंत डांबरी रस्ता आहे, आणि वाचवायचा वेळ तिथेच वाचतो. न्यूलँड्सच्या दरीत कोणाला तरी रोड शूज घेऊन उभं करा. नाड्या सैल करून ठेवायला सांगा, तेव्हा तुम्हाला वाकवणार नाही.