थर्मोस्टॅट बदलताना काढलेले भाग: कोणते परत बसवावेत आणि कोणते सोडले तरी चालतात

पेट्रोल गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट हे द्रव रेडिएटरकडे केव्हा सोडायचे ते ठरवणारा व्हॉल्व्ह, घरी बदलणे हे हाताशी साधी हत्यारे आणि सुट्टीची एक सकाळ असलेल्या माणसाला जमण्यासारखे काम आहे. कस लागतो तो शेवटी, जेव्हा नवा व्हॉल्व्ह बसलेला असतो आणि जमिनीवर एक कव्हर, दोनचार क्लिपा, स्पंजची एखादी पट्टी आणि एक वायर उरलेली दिसते. अशा वेळी 'हे नसले तरी गाडी चालते' असे म्हणून तो भाग कोपऱ्यात टाकण्याची सवय आपल्याकडे बरीच रुजली आहे. गाडी चालते हे खरेच असते, परंतु त्या भागाचे काम पार्किंगमध्ये नव्हे, तर मे महिन्यातल्या वाहतूक कोंडीत किंवा जुलैतल्या घाटात लागते. म्हणून कोणताही भाग सोडण्यापूर्वी तो तिथे कशासाठी आहे हे ठाऊक असावे, आणि ते ठाऊक नसेल तर तो निमूटपणे परत बसवावा.

काम सुरू करताना इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवावी, कारण अनेक गाड्यांत विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर जाऊ नये, गाडी घोडीवर, म्हणजे तिचे वजन पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, ठेवावी. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढावा, आणि त्याहून उपयोगी म्हणजे एका पुठ्ठ्यावर इंजिनाखालच्या अंडर कव्हरची ढोबळ आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवावा. एकाच डोक्याचे परंतु वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट एकाच वाटीत टाकले, तर लांब बोल्ट चुकीच्या भोकात जाऊन ॲल्युमिनियमचे आटे फोडू शकतो.

आता खुद्द थर्मोस्टॅटविषयी. 'आपल्या हवेत याची गरज नाही, काढून टाका' हा सल्ला अनेक वर्षे ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. हा व्हॉल्व्ह हवामानासाठी नसून इंजिनासाठी असतो. पुष्कळ गाड्यांत तो ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो, आणि तोवर कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते, जेणेकरून इंजिन लवकर तापते. तो काढला की पुणे-मुंबई द्रुतगती मार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर, भरपूर वारा लागत असताना, इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचतच नाही, गाडीतला संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देतो, मायलेज घसरते आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागून स्कॅनरवर पी०१२८ हा, कूलंट पुरेसे तापत नसल्याचा, कोड दिसणे नेहमीचे आहे. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या टोकाला बायपासचा मार्ग बंद करणारी दुसरी चकती असते, तिथे तर उलटाच प्रकार होतो: व्हॉल्व्ह काढल्यावर तो मार्ग कायम उघडा राहतो, कूलंटचा काही भाग रेडिएटर टाळून तसाच गरम परततो, आणि ज्या उष्णतेच्या भीतीने व्हॉल्व्ह काढला तीच चढावर समोर येते.

जुना व्हॉल्व्ह खरोखर बिघडला आहे का, हे पाहण्यासाठी तो दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात असा सोडावा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे; हे पातेले पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नये. व्हॉल्व्हच्या कडेवर कोरलेल्या अंशाच्या आसपास मधली चकती हळूहळू उचलली जाताना दिसली आणि पाणी निवल्यावर ती पुन्हा घट्ट बसली, तर दोष दुसरीकडे शोधावा. नवा व्हॉल्व्ह बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे येते. पुष्कळ व्हॉल्व्हच्या कडेवर छोट्या भोकात हलणारी एक पिन असते. अडकलेली हवा तिच्यातून सुटते, म्हणून व्हॉल्व्ह उभा बसत असेल तर ती पिन वरच्या बाजूस ठेवावी.

रबरी रिंग किंवा पॅकिंग मात्र जुने परत वापरू नये. ते एकदा दाबले गेले की दुसऱ्यांदा तसे बसत नाही, आणि त्याची किंमत पुन्हा भराव्या लागणाऱ्या कूलंटपेक्षा कमी असते. रबरी रिंगवर वरून सिलिकॉन चोपडण्याचीही गरज नसते, कारण त्याचा सुटलेला तुकडा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकू शकतो. हाउसिंगचे, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या झाकणाचे, बोल्ट सहसा ६ मिमी जाडीचे असतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच ताण पुरतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा.

होज पाइपवरच्या कंपनीच्या स्प्रिंगच्या क्लिपा पकडीने काढताना त्रास देतात, म्हणून पुष्कळ जण त्या फेकून स्क्रूच्या क्लिपा लावतात. माझे मत असे की जुनी क्लिप गंजलेली किंवा सैल झालेली नसेल तर तीच परत लावावी. रबर तापल्यावर फुगते आणि निवल्यावर आकसते, स्प्रिंगची क्लिप त्याच्याबरोबर सैलावते आणि आवळते, तर स्क्रूची क्लिप आहे तिथेच राहते आणि कालांतराने पाइपच्या तोंडाशी ओल दिसू लागते. क्लिप पाइपवर उमटलेल्या जुन्या खुणेवरच बसवावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पंख्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या श्राउडकडे आणि रेडिएटरच्या कडेच्या स्पंजच्या किंवा रबराच्या पट्ट्यांकडे. श्राउड नसेल तर पंखा फक्त आपल्या पात्यांसमोरच्या गोलातूनच नीट हवा ओढतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांना हवा पुरत नाही. पट्ट्या नसतील तर रेडिएटरमधून बाहेर आलेली गरम हवा कडेच्या फटीतून वळून पुन्हा पुढे येते. याचा परिणाम वेगात जाणवत नाही. तो सिग्नलवर, एसी चालू असताना जाणवतो, जेव्हा एसीची हवा कोमट होते आणि तापमानाचा काटा वर सरकू लागतो. तेव्हा हातात आलेली चिकट, मळकी पट्टी कचरा समजू नये, आणि ती कुजली असेल तर तेवढ्याच जाडीची नवी लावावी.

अर्थिंगची वायर अनेकदा याच भागातल्या एखाद्या बोल्टखाली दाबलेली असते. इंजिन आणि बॉडी यांमधली मुख्य वायर जोडायची राहिली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेच्या केबलमधून जाऊन ती जाळू शकतो. वायर बसवण्यापूर्वी तिचे टोक आणि खालची जागा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करावी.

सोडले तरी चालते असे या कामात थोडेच आहे. इंजिनावरचे शोभेचे प्लॅस्टिक कव्हर, ज्याच्या आत एअर फिल्टर नाही, ते नसल्याने आवाज थोडा वाढण्यापलीकडे सहसा काही बिघडत नाही, आणि त्याचे लग, म्हणजे ते अडकवणारे कान, तुटून ते खडखडत असेल तर ते काढून ठेवणेच बरे. कव्हरला धरणारी प्लॅस्टिकची क्लिप काढताना तुटली तर तीही जपून ठेवण्यात अर्थ नाही. त्या मापाच्या नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात.

अंडर कव्हरबद्दल मात्र मी तडजोड सुचवणार नाही. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी आणि चिखल बेल्टवर व अल्टरनेटरवर उडण्यापासून ते अडवते, आणि पुष्कळ गाड्यांत गाडीखालच्या हवेला दिशा देऊन रेडिएटरमागची गरम हवा बाहेर काढण्यासही मदत करते. अर्धवट लावलेले कव्हर तर न लावलेल्याहून धोक्याचे असते, कारण वेगात त्याची पुढची कड वाऱ्याने खाली ओढली जाऊन रस्त्याला घासते.

कूलंट भरताना कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचे, योग्य मिश्रणाचे घ्यावे आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश ओतावे. रेडिएटरच्या झाकणाचे रबर तपासावे. प्रणालीत वातावरणापेक्षा १ बार जास्त दाब असला तर साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, आणि हा दाब ते झाकणच राखते. बॅटरी जोडून, पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन जागेवर चालवावे आणि या वेळेपुरते अंडर कव्हर बाहेर ठेवून खालून गळती पाहावी. जमिनीवर सांडलेले कूलंट लगेच पुसून धुवावे, कारण ते गोड असते आणि सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना त्यातले इथिलीन ग्लायकॉल जीवघेणे ठरते. इंजिन निवल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, कूलंटच्या टाकीतली पातळी पुन्हा पाहून कमी असल्यास भरावी आणि मगच अंडर कव्हर चढवावे. तरीही पुठ्ठ्यावर एखादा बोल्ट उरला, तर त्याच्या भोवतीच्या आकृतीवरून त्याची जागा सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.