उष्णकटिबंधातील लहान शेती : पेरणीआधीच्या आणि काढणीनंतरच्या या चुका टाळा

उष्णकटिबंधातील लहान शेतीच्या अडचणी म्हटल्या की लहरी पाऊस, कीड आणि पडलेले भाव यांचा उल्लेख सर्वांत आधी होतो. या अडचणी खऱ्या आहेत आणि एक-दोन एकरांचा शेतकरी त्यांच्यापुढे बऱ्याचदा हतबल असतो. तरीही अनेक वर्षे अशी शेते पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे नुकसान पीक उभे असताना होत नाही. ते पेरणीआधी उघड्या पाडलेल्या जमिनीत आणि काढणीनंतर अर्धवट वाळवलेल्या धान्यात होते, आणि दोन्हीकडे कारण घाई हेच असते. म्हणून या दोन चुकांविषयी सविस्तर लिहीत आहे. बाकीच्यांचा उल्लेख ओघात येईल.

जमीन उघडी करून टाकणे

नव्याने जमीन घेतलेल्या माणसाला झुडपे, गवत आणि पालापाचोळा डोळ्यांसमोर नकोसा होतो. यंत्र बोलावले जाते, सगळे उपटून ढीग लावले जातात, ढीग पेटवले जातात आणि एक-दोन दिवसांत शेत अंगणासारखे मोकळे दिसू लागते. एवढे काम झाले म्हणजे शेतीची सुरुवात चांगली झाली, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात या एका कामाने जमिनीची जी हानी होते, ती पुढे कित्येक हंगाम भरून निघत नाही.

उष्ण आणि दमट हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून संपतात, त्यामुळे कर्ब (कार्बन) टिकवायचा असेल तर त्याची भर सतत घालावी लागते. या पट्ट्यातील अनेक जुन्या तांबड्या जमिनींतील चिकणमाती अन्नद्रव्ये धरून ठेवण्यात कमकुवत असते, आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरदाला (फॉस्फरसला) असे जखडून ठेवतात की तो मुळांच्या हाती फारसा लागत नाही. अशा जमिनीची सुपीकता जवळजवळ सगळी वरच्या चार-सहा बोटांच्या थरात असते. त्या थरावर आच्छादन नसले की पावसाचा टपोरा थेंब थेट मातीवर आदळतो, सुटे झालेले बारीक कण छिद्रांत बसतात, वर कडक पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन उताराला लागते.

एका होतकरू तरुणाने उताराची अशीच जमीन घेतली होती. माणूस कष्टाळू होता, शिकण्याची इच्छा होती, परंतु पहिल्याच पावसाळ्यात पूर्ण शेत पेरायचे त्याने मनाशी ठरवले होते. कापलेली झुडपे जाळू नका, ती उताराला आडवी रचा आणि यंदा अर्धीच जमीन घ्या, असे मी त्याला सांगितले होते. त्यात फार दिवस जातील, असे त्याचे म्हणणे पडले. त्याने सगळे जाळले आणि ट्रॅक्टरला सोपे जावे म्हणून नांगरटही उताराच्या दिशेनेच, वरून खाली, करून घेतली. मका टोकून खत दिल्यावर पहिला मोठा पाऊस रात्रीच्या वेळी झाला. सकाळी गेलो तेव्हा नांगराच्या प्रत्येक तासाची घळ झाली होती आणि शेताच्या खालच्या टोकाला वाळू, खताचे दाणे व कोंब आलेले बियाणे यांचा पंख्याच्या आकाराचा गाळ साचला होता. वरच्या अर्ध्या भागात खालची खडीमिश्रित तांबडी माती उघडी पडली होती.

त्याने वरच्या भागात पुन्हा पेरणी केली आणि दुप्पट खत दिले. शेजारचा मका छातीला लागला तेव्हा त्याचा गुडघ्याएवढाच होता आणि पानांच्या कडा जांभळ्या पडल्या होत्या. आम्ही काही झाडे उपटून पाहिली. मुळे खाली न जाता बोटभर खोलीवर आडवी वळली होती, आखूड आणि जाड झाली होती, आणि त्यांच्या टोकांना बारीक तंतुमुळे जवळजवळ नव्हती. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण साडेपाचच्या खाली गेला की विद्राव्य ॲल्युमिनियम मुळांच्या टोकांना इजा करते आणि त्याची खूण अशीच दिसते. वरचा थर होता तोवर खालच्या आम्ल मातीशी पिकाचा फारसा संबंध येत नव्हता. थर गेल्यावर पीक त्या मातीतच उभे राहिले. मग चुना घालणे आले, हिरवळीचे खत (शेतातच वाढवून मातीत गाडलेले हिरवे पीक) आले, आणि जी जमीन पहिल्या वर्षापासून उत्पन्न देऊ शकली असती ती दुरुस्त करण्यातच हंगाम जाऊ लागले.

जाळण्याचे समर्थन करणारे पहिल्या वर्षीच्या चांगल्या पिकाकडे बोट दाखवतात. राखेतून पालाश (पोटॅशियम) मिळतो आणि आम्लता काही काळ कमी होते, हे खरे आहे. परंतु नत्र (नायट्रोजन) आणि गंधक यांचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो, आणि राहिलेली राख जोराच्या पावसात वाहून जाते. पूर्वी अशी जमीन एका-दोन पिकांनंतर बरीच वर्षे पडीक सोडली जात असे, म्हणून ती रीत चालत होती. आज दोन एकरांतला शेतकरी जमीन पडीक ठेवू शकत नाही, त्यामुळे त्याने जाळण्याची वाट धरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी स्वतःची पद्धत संथ आहे. त्या आठवड्यात जेवढी जमीन पेरून झाकता येईल तेवढीच मी उघडतो. समपातळी रेषा आखण्यासाठी तीन काठ्यांची ए-आकाराची चौकट बांधतो आणि तिच्या शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडतो. चौकटीचे पाय दोन खुंट्यांवर टेकवून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत असतात. या चौकटीने आखलेल्या रेषेवर कापलेला पाला आणि फांद्या रचतो आणि तिच्यालगत वाळा किंवा चाऱ्याचे गवत लावतो. मधल्या पट्ट्यांत मक्याबरोबर चवळी असतेच, कारण ती जमीन लवकर झाकते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ज्याला त्याचा कंटाळा येतो त्याने उताराची जमीन घेऊ नये.

पेरणीची आणि खताची घाई

पहिल्या सरीवर पेरणी करू नये. वर चिखल दिसतो आणि खाली माती कोरडी असते; बी उगवते, पावसाची उघडीप लांबते आणि दुबार पेरणीची वेळ येते. फावड्याने वीतभर खणून पाहावे, तिथपर्यंत ओल पोहोचलेली असावी, आणि वाफसा (ओल असूनही माती हाताला न चिकटण्याची अवस्था) आल्यावरच पेरावे.

संकरित मक्याच्या कणसातले दाणे पुढील वर्षी बियाणे म्हणून वापरू नयेत, कारण पुढच्या पिढीत गुण विस्कटतात आणि उत्पादन घटते. घरचे बियाणे ठेवायचे असेल तर सरळ (संकरित नसलेले) वाण लावावे आणि कणसे शेताच्या मध्यभागातून निवडावीत. कसावा या कंदपिकाची कांडी घेताना पाने सुरकुतलेली, पिवळे-हिरवे डाग पडलेली झाडे सोडून द्यावीत. मोझॅक रोग कांडीबरोबरच शेतात येतो.

कच्चे शेण घालणे ही अशीच एक हट्टी सवय आहे. त्याबरोबर हुमणीची (मुळे खाणाऱ्या किडीची) अंडी आणि अळ्या, तसेच तणांचे बी शेतात जाते, आणि न कुजलेला काडीकचरा कुजताना जमिनीतलाच नत्र ओढून घेतो. युरिया ओल्या जमिनीवर फेकून तसाच सोडला तर त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो, म्हणून तो मातीआड करावा. या दोन्ही गोष्टी सर्वांना ठाऊक असतात, तरीही संध्याकाळपर्यंत काम उरकायचे म्हणून त्या टाळल्या जातात.

वेळापत्रकाने फवारणी करणे

दर आठवड्याला फवारा मारला की पीक सुरक्षित राहते, हा समज भातशेतीने फार पूर्वीच खोटा ठरवला आहे. व्यापक मारक क्षमतेची कीटकनाशके भातातले कोळी आणि इतर मित्रकीटक मारतात. तपकिरी तुडतुडा या भातावरील किडीची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात, आणि त्यांतून निघालेल्या पिलांना खाणारे कोणी उरत नाही. इंडोनेशियात हे संकट एवढे वाढले की 1986 मध्ये तेथील सरकारने भातावर 57 कीटकनाशके वापरण्यास बंदी घातली. त्यानंतर 1989 पासून तेथे शेतकऱ्यांना बांधावर बसून कीड आणि मित्रकीटक मोजायला शिकवणाऱ्या शेतीशाळा सुरू झाल्या.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी 2016 मध्ये आफ्रिकेत आणि 2018 मध्ये भारतात आढळली, तेव्हापासून घबराटीतली फवारणी पुन्हा वाढली आहे. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके असतील तर अळी तीच, हे आधी ओळखावे. अंडी दोन-तीन दिवसांत उबतात आणि अळी मोठी झाली की पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) शिरून स्वतःच्या विष्ठेने वरचा मार्ग बुजवते. मग औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मी रोप कोवळे असल्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात नागमोडी फिरतो आणि अंडीपुंज बोटांनी चिरडतो. लहान शेताचा हा एक मोठा फायदा आहे की प्रत्येक ओळीपर्यंत माणूस पोहोचू शकतो, आणि तो फायदा फवारणी पंपाच्या भरवशावर सोडून देऊ नये.

भावाच्या मागे धावून सगळी जमीन एका पिकाखाली आणण्याविषयी एवढेच सांगतो. 2000 साली मादागास्करमध्ये चक्रीवादळ झाल्यानंतर व्हॅनिलाचे भाव भडकले, 2003 च्या सुमारास शिखरावर गेले आणि लगेच कोसळले. वेलाला फुलोरा यायला साधारण तीन वर्षे लागतात, त्यामुळे भाव ऐकून मागाहून लागवड केलेल्यांच्या शेंगा तयार झाल्या तेव्हा तेजी सरली होती.

अर्धवट वाळवलेले धान्य साठवणे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण येथे केवळ उत्पन्नाचा प्रश्न नसतो. दमट धान्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफलाटॉक्सिन तयार करते. हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही, यकृतावर परिणाम करते आणि दीर्घकाळ पोटात जात राहिले तर कर्करोगाचे कारण ठरते. 2004 मध्ये पूर्व केनियात घरात ओलसर अवस्थेत साठवलेला मका खाल्ल्याने विषबाधा झाली; त्यात 317 जणांची नोंद झाली आणि 125 माणसे दगावली. ती शेतकरी कुटुंबे स्वतः पिकवलेलेच धान्य खात होती. हे वाचूनही कोणी दाताखाली दाणा फोडून आवाजावरून ओल ठरवणार असेल, तर त्या आत्मविश्वासाला माझ्याकडे उत्तर नाही.

त्याऐवजी मिठाची चाचणी करावी. पूर्ण कोरडी, झाकणाची काचेची बाटली घ्यावी, तिच्यात दोन-तीन चमचे कोरडे मीठ आणि साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत धान्य घालावे, मिनिटभर हलवावे आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहिले तर धान्यातील ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटे राहून तळाशी बसले तर तो त्याखाली आहे. अनेकजण येथेच थांबतात आणि पोती शिवतात. मका दीर्घकाळ ठेवायचा असेल तर ओलावा 13 टक्क्यांपर्यंत उतरायला हवा, म्हणून मीठ चिकटणे थांबल्यानंतरही मी धान्याला आणखी दोन चांगली उन्हे दाखवतो. धान्य उघड्या मातीवर कधीही पसरू नये. ताडपत्रीवर पातळ थर द्यावा, दिवसातून चार-पाच वेळा उलथावे आणि सूर्य कलण्याआधी झाकावे, नाही तर रात्रीची दमट हवा दिवसभराची मेहनत परत फिरवते.

वाळलेल्या धान्यातही सोंडे (दाणे पोखरणारे किडे) शेतातूनच आलेले असतात आणि उष्ण हवेत महिना-सव्वा महिन्यात त्यांची नवी पिढी तयार होते. हवाबंद पिशव्या यावर चांगला उपाय आहेत. आत पॉलिथिनच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते अशी त्यांची रचना असते, आणि आतला प्राणवायू संपला की कीड मरते. मात्र ओले धान्य या पिशवीत वाळत नाही, उलट आतच सडते. पिशवी भरताना मधली हवा दाबून काढावी, प्रत्येक थर वेगळा पिळून, दुमडून बांधावा, आणि कितीही उत्सुकता वाटली तरी पहिले काही आठवडे ती उघडू नये. पुढील हंगामात तीच पिशवी वापरण्यापूर्वी तिच्यात हवा कोंडून तोंड धरावे आणि पिशवी गालाजवळ धरून दाबून पाहावी. कोठे झुळूक जाणवली तर ती पिशवी धान्यासाठी वापरू नये.